रॉकवेल यांचे ‘भाषणस्वातंत्र्य’

नॉर्मन रॉकवेल यांचे ‘भाषणस्वातंत्र्य’ हे सुमारे ४६ इंच उंचीचे तैलचित्र ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन नियतकालिकात २० फेब्रुवारी १९४३ रोजी प्रसिद्ध झाले. ग्रामसभेत एक श्रमिक उभा राहून बोलत आहे. परंतु चित्राचे मर्म त्याच्या मुखात नसून, माना वर करून ऐकणाऱ्या कोट-टायधारी शेजाऱ्यांत आहे.

कर्जत-खालापूरच्या वाचकास मात्र त्याच वर्षीची २ जानेवारी ही तारीख आठवल्यावाचून राहणार नाही. त्या दिवशी माथेरानचे वकील भाई कोतवाल सिद्धगडच्या रानात ब्रिटिश अमलातील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दोस्तराष्ट्रांच्या युद्धध्येयाचे हे चित्र त्यामुळे असत्य ठरत नाही. त्याच्या चौकटीची मर्यादा तेवढी ध्यानी येते. बोलणाऱ्याचे धैर्य दोन्हीकडे होते. ऐकून घेणारी सभा एकीकडेच होती.