टमाटरी अभ्यास

इटालियनमध्ये टमाटराला 'पोमोदोरो' म्हणतात. फ्रान्चेस्को चिरिल्लोने विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकात, टमाटराच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवले: २५ मिनिटे अभ्यास, ५ मिनिटे विश्रांती. कळमन्याच्या बाजारात टमाटराचा हर्रास होतो. आमच्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये तो टिकटिकतो. 'फॉरेस्ट' अ‍ॅपची तऱ्हा निराळी. अभ्यास सोडून दुसरीकडे बोट गेले की त्यातले झाड वाळते! वेळापत्रकाला सात रंग देण्यातच चिरंजीवांचे चार टमाटर खर्ची पडले. माझ्या मते कामाचे एकच, 'अंकी'. विसरायच्या बेतात असावे, नेमका तेव्हाच प्रश्न पुढ्यात हजर. पण त्याची कार्डे लिहायची तर आधी पुस्तक उघडावे लागते. पुतण्याने ते लगेच काढून टाकले. म्हणाला, "काका, त्यात फार वेळ जातो."