‘संबद्ध’ आणि ‘पसरवणारे’ : एका जनुकनामाची चिकित्सा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रुग्णाचा घात बहुधा मूळच्या गाठीने होत नाही. यकृतात वा फुप्फुसात पुढे उद्भवणाऱ्या दुय्यम गाठींनी होतो. त्यामुळे या प्रसाराशी निगडित जनुके हुडकण्याच्या संशोधनास विशेष महत्त्व आले आहे. तथापि हे संशोधन मराठीत सांगताना ‘कर्करोग पसरवणारे जनुक’ असा प्रयोग सहजपणे केला जातो. त्यातील प्रयोजक क्रियापदास पुरावा कितपत आधार देतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

२००९ साली बर्लिनच्या उल्रिके श्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये एमएसीसी-१ या जनुकाचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी ऊती, मूळ गाठी व दुय्यम गाठी यांतील जनुकांच्या अभिव्यक्तीची तुलना करून ते सापडले होते. ‘बृहदांत्र-कर्करोगातील प्रसाराशी संबद्ध, क्रमांक एक’ हा त्या आद्याक्षरांचा अर्थ. येथे ‘संबद्ध’ हे पद फार जपून योजलेले आहे. ज्यांच्या मूळ गाठीत अभिव्यक्ती अधिक, त्यांच्यात पुढे प्रसारही अधिक, एवढेच रुग्णांवरील निरीक्षण सांगते. हा निव्वळ षष्ठीचा संबंध झाला. परंतु त्याच निबंधात दुसऱ्या जातीचा पुरावाही आहे. हे जनुक ‘मेट’ या दुसऱ्या जनुकाचे नियमन करते; त्यामुळे संवर्धित पेशींची आक्रमकता आणि उंदरांतील प्रसार वाढतो; आणि त्याच्या प्रथिनातील विशिष्ट भाग वगळला की हा परिणाम नाहीसा होतो. येथे ‘पसरवणे’ म्हणण्यास आधार मिळतो, पण तो उंदरापुरता.

उलट, २००८ साली फोगेलस्टाइन यांच्या गटाने मूळ व दुय्यम गाठींतील उत्परिवर्तनांची तुलना केली, तेव्हा दुय्यम गाठींतील जवळजवळ सर्व उत्परिवर्तने मूळ गाठीतच आढळली. म्हणजे शब्दसंग्रह तोच, भेद असलाच तर त्याच्या वापरात. (भाषाभ्यासकाला हे नवे वाटू नये.)

रोगावरून ठेवलेले नाव अपुरे ठरते, याचे डीसीसी हे बोलके उदाहरण होय. ‘बृहदांत्र-कर्करोगात लोप पावलेले’ अशा अर्थाचे ते नाव १९९० साली रूढ झाले. १९९६ साली याच जनुकाचे प्रथिन वाढत्या मज्जातंतूंना दिशा देणाऱ्या नेट्रिनचे ग्राहक असल्याचे दिसले. नाव मात्र तेच राहिले. एमएसीसी-१ देखील पुढे जठर, फुप्फुस व यकृत यांच्या कर्करोगांत आढळले आहे.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. गाठ काढली, लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या, आता केमोथेरपी द्यावी की नाही, हा दुसऱ्या अवस्थेतील रुग्णापुढचा खरा प्रश्न असतो. तेथे भाकिताला उपयोगी पडणारी खूण पुरते. ती कारण असण्याची गरज नाही. औषध घडवायचे असेल तर मात्र कारणच हवे. पहिल्या अर्थी ‘प्रसारसंबद्ध’ व दुसऱ्या अर्थी ‘प्रसारक’ अशी दोन पदे वेगळी राखणे इष्ट.

आणखी एक गफलत ‘जनुक’ या शब्दाच्या छायेतून होते. तो ऐकताच रुग्णाच्या मनात मुलाबाळांची चिंता उभी राहते. वस्तुतः गाठीतील वाढलेली अभिव्यक्ती संततीकडे जात नाही. वंशागत धोका लिंच लक्षणसमूहासारख्या विकारांत असतो आणि तेथे एमएलएच-१, एमएसएच-२ ही निराळीच जनुके तपासली जातात.