नोराचा न मांडलेला हिशेब : ‘अ डॉल्स हाऊस’चे पुनर्वाचन

प्रस्तावना :
हेन्रिक इब्सेन यांच्या ‘अ डॉल्स हाऊस’ (१८७९) या नाटकाची समीक्षा प्रामुख्याने स्त्रीच्या आत्मभानाच्या अंगाने झाली आहे. अनंत काणेकर यांनी ‘घरकुल’ या नावाने ते मराठीत आणले. नोराचे गृहत्यागाचे पाऊल आपल्या वर्गांतूनही मुक्तीचे प्रतीक म्हणून शिकविले जाते. मात्र, संसार मोडताना त्यातील आर्थिक वाट्याचे काय झाले, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने अखेरच्या अंकाचा विचार केला आहे.

कर्जरोखा आणि किल्ल्या :
आजारी पतीला इटलीला नेण्यासाठी नोराने क्रोगस्टाडकडून ४,८०० क्रोनरचे कर्ज घेतलेले असते. पतीच्या संमतीविना पत्नीला कर्ज काढता येत नाही. म्हणून ती जामीनदार या नात्याने वडिलांची खोटी सही करते. पुढे घरखर्चातून बचत करून आणि रात्री उशिरापर्यंत नकला उतरवून ती हप्ते फेडते. हेल्मरचे आरोग्य, आणि पर्यायाने बँकेतील त्याचे पद, तिच्या या श्रमांवर उभे आहे. शेवटी क्रोगस्टाड रोखा परत करतो आणि हेल्मर तो फाडून शेगडीत टाकतो. या कृतीत समीक्षकांनी त्याचा स्वार्थ पाहिला, तो योग्यच होय. तथापि, जळालेला कागद नोराच्या गुन्ह्याइतकाच संसारातील तिच्या आर्थिक वाट्याचाही लेखी पुरावा होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

निघताना नोरा किल्ल्या ठेवते, अंगठी परत करते, पतीला कायद्याने सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त झाल्याचे सांगते आणि माहेरून आणलेल्या वस्तूच तेवढ्या मागवून घेणार असते. तिचा नकार स्वाभिमानाचा आहे. परंतु नाकारता येते ते दान. हक्क तिला कायद्याने दिलेलाच नव्हता. परिणामी तिचा स्वाभिमान आणि तत्कालीन कायदा यांचे फलित एकच ठरते. इब्सेन यांना या उणिवेची जाणीव होती. विवाहित स्त्रियांना स्वतंत्र मालमत्तेचा अधिकार मिळावा, या १८८४ च्या निवेदनावर त्यांनी सही केली होती. नॉर्वेत तसा कायदा १८८८ मध्ये झाला.

भारतीय संदर्भ :
हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २७ नुसार न्यायालय विवाहप्रसंगी वा त्या सुमारास भेट मिळालेल्या, उभयतांच्या सामाईक मालमत्तेपुरताच आदेश देऊ शकते. पतीच्या नावे घेतलेल्या घरामागील पत्नीचे श्रम त्यात बसत नाहीत. कलम २५ अन्वये पोटगी मिळू शकते. पण पोटगी म्हणजे निर्वाह, मालकी नव्हे. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले. लोकसभेच्या विसर्जनामुळे ते २०१४ मध्ये व्यपगत झाले.

निष्कर्ष :
नोराचे जाणे मुक्तीचे आहेच; परंतु ती रिकाम्या हाताने जाते, हेही नाटकाचेच विधान आहे. अध्यापनात त्यातील पहिलाच अर्धा भाग सांगितला गेला, तर हक्क सोडून देणे हाच स्त्रीचा स्वाभिमान, असा चुकीचा बोध विद्यार्थिनींपर्यंत पोहोचण्याचा धोका संभवतो.