न दिसण्यासाठी बनवलेल्या विमानाची प्रतिकृती

आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून एक-दोघांनी आम्हाला विचारलं, "सर, हे काय? आता प्लॅस्टिकच्या विमानांवर बोलणार?" हो, बोलणार आहोत. निवृत्त झाल्यापासून आमच्या टेबलाचा अर्धा भाग पुस्तकांना आणि अर्धा भाग चिमटे, कटर, पॉलिश पेपर आणि रंगांच्या बाटल्यांना दिलेला आहे. आणि खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत 'प्रतिकृती म्हणजे काय' या प्रश्नाने आम्हाला जास्त छळलं ते टेबलाच्या या दुसऱ्या अर्ध्या भागावरच.

विषय आहे दुसऱ्या महायुद्धातली रात्रीची लढाऊ विमानं आणि त्यांची किट. ती कशी निवडावीत, कशी बांधावीत, आणि कुठल्या किटला चांगलं म्हणावं. तिसरा प्रश्न समीक्षेचा आहे. आज मुख्यतः त्याच्याबद्दल.

सुरुवात घरातल्या एका प्रसंगाने करतो. आम्ही टामिया कंपनीचं 'गेक्को' बांधत होतो. हे जपानी नौदलाचं दोन इंजिनांचं विमान. नावाचा अर्थ चांदणं. याच्या पाठीतून तोफा वर, तिरक्या रोखलेल्या असतात. मे १९४३ मध्ये रबाउलच्या आकाशात या तिरक्या तोफांनी अमेरिकन बी-१७ बॉम्बर पाडले. आमचा नातू शेजारी बसून बघत होता. त्याने विचारलं, "आजोबा, बंदूक वर कशाला?" आम्ही उत्साहाने समजावलं: विमान बॉम्बरच्या खाली जाऊन त्याच वेगाने उडत राहायचं, नेम धरायला सोपं, आणि खालून कोणी बघत नाही. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे वरच्यांना कळायचंच नाही?"

आम्ही "नाही" म्हणालो आणि हातातला चिमटा खाली ठेवला. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

आता ॲरिस्टॉटलकडे वळू. 'काव्यशास्त्रा'त तो म्हणतो की ज्या गोष्टी प्रत्यक्षात पाहताना आपल्याला त्रास होतो, त्यांचीच हुबेहूब प्रतिमा पाहताना आनंद होतो. तो उदाहरण देतो प्रेतांचं. कारण काय? तर प्रतिमा पाहताना आपण काहीतरी शिकतो, 'हे म्हणजे ते' असं ओळखतो. मारण्याच्या यंत्राची प्रतिकृती हौसेने बांधणाऱ्या माणसाला याहून चांगला वकील मिळणार नाही. पण या वकिलाची एक अट आहे, आणि ती आपण विसरतो. आनंदाचं समर्थन शिकण्यात आहे. शिकणं नसेल तर उरतं ते निव्वळ चमकदार खेळणं. म्हणून आमचा समीक्षेचा निकष हा: हे किट बांधताना आणि बांधून झाल्यावर आम्हाला काय कळतं?

बहुतेक लोक किट निवडतात ते शिंगं बघून. जर्मन विमानांच्या नाकावर रडारचे अँटेना असत. जर्मन लोकच त्याला सांबराची शिंगं म्हणत. मेसरश्मिट ११०, युंकर्स ८८, हाइंकेल २१९, सगळ्यांना ही शिंगं आहेत, आणि फळीवर ती भलतीच रुबाबदार दिसतात. गंमत अशी की जिथे किट सर्वांत जास्त 'खरं' दिसतं, तिथेच ते सर्वांत जास्त खोटं बोलतं. हिशेब करून बघा. सेंटीमीटरभर जाडीची एक दांडी धरा. १/४८ प्रमाणात ती ०.२ मिलिमीटर होते, १/७२ मध्ये ०.१४. म्हणजे केसापेक्षा जराशी जाड. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकला इतकं बारीक होता येत नाही. झालंच तर चौकटीवरून कापतानाच तुटेल. म्हणून कंपनी ती जाड करते. काही जण पातळ पितळी पत्र्यातून कोरलेले अँटेना देतात. ते बारीक असतात, पण चपटे. गोल पितळी दांड्या वेगळ्या विकत मिळतात. त्या खऱ्याच्या सर्वांत जवळ जातात, पण त्यांची किंमत कधीकधी किटला लाजवते.

प्लेटोने 'सोफिस्ट' या संवादात अनुकरणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, मूळ वस्तूची प्रमाणं जशीच्या तशी राखणारं. दुसरं, पाहणाऱ्याला बरोबर वाटावं म्हणून प्रमाणं बदलणारं. उंच पुतळे घडवणारे शिल्पकार वरचा भाग मुद्दाम मोठा करतात, तसं. प्लेटोला दुसऱ्या प्रकाराबद्दल संशय होता. आम्ही वर्गात हा भेद वर्षानुवर्षं शिकवला आणि पहिला प्रकार श्रेष्ठ असं सांगत आलो. टेबलावर बसल्यावर कळलं की पहिला प्रकार निर्भेळ असा मिळतच नाही. प्रत्येक मॉडेल काही ना काही बदलतं. तेव्हा विचारायचं ते असं, की हा बदल कशासाठी केला?

रंगाचंच घ्या. रात्रीचं विमान म्हणजे काळं, असं आपण धरून चालतो. ब्रिटिशांनीही आधी तसंच धरलं. त्यांनी काजळीसारखा खरबरीत काळा रंग दिला. त्याने वेग तर कमी झालाच, शिवाय अंधारात ते विमान काळ्या आकृतीसारखं उठून दिसे. कारण रात्रीचं आकाश पूर्ण काळं नसतं. १९४२ च्या अखेरीपासून त्यांनी आपली रात्रीची विमानं राखाडी केली, वरून हिरवे पट्टे. जर्मनांनीही काळा सोडून फिकट राखाडी घेतला. अमेरिकनांनी पी-६१ वर चाचण्या घेतल्या, तेव्हा सर्चलाइटच्या झोतात चकचकीत काळा रंग मॅट काळ्यापेक्षा बरा ठरला. म्हणजे 'रात्र' या शब्दाने आपल्या मनात जे चित्र उभं राहतं, ते प्रत्यक्ष रात्रीने खोटं ठरवलं. ज्या किटच्या माहितीपत्रकात हे फरक तारखेसकट नीट दिलेले असतात, ते किट आम्ही वरच्या दर्जाचं मानतो. आणि जिथे काळाच द्यायचा आहे, तिथे त्यात थोडा राखाडी मिसळावा. छोट्या वस्तूवर शुद्ध काळा दिला की ती कोळशाच्या तुकड्यासारखी दिसते, रेषा-सांधे सगळे गडप. ही प्लेटोच्या दुसऱ्या प्रकारातली लबाडी आहे, पण ती पाहणाऱ्याला नीट दिसावं म्हणून केलेली आहे.

आता शिंगांकडे परत येऊ. १३ जुलै १९४४ च्या पहाटे एक जर्मन युंकर्स ८८ जी-१ वाट चुकून इंग्लंडमध्ये वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरलं. ब्रिटिशांना आयतं रडार मिळालं. पण त्याहून महत्त्वाचं मिळालं ते पंखांच्या कडेवरच्या छोट्या अँटेनांचं यंत्र, 'फ्लेन्सबुर्ग'. ब्रिटिश बॉम्बरांच्या शेपटीत 'मोनिका' नावाचं रडार बसवलेलं होतं. मागून शत्रू आला तर सावध करण्यासाठी. फ्लेन्सबुर्ग त्याच मोनिकाच्या लहरी पकडून जर्मन वैमानिकाला थेट बॉम्बरपर्यंत नेत होतं. म्हणजे पहारेकऱ्याच्या हातातला कंदीलच चोराला वाट दाखवत होता. हे कळल्यावर ब्रिटिशांनी मोनिका काढून टाकली. युंकर्सच्या मॉडेलमध्ये हे अँटेना म्हणजे नखाएवढे तुकडे. शिंगांच्या नादात ते हरवले तरी लक्षात येत नाही. आम्ही मात्र आता किट उघडलं की आधी तेच शोधतो.

काही किटांविषयी थोडक्यात. टामियाचं १/४८ मधलं हाइंकेल २१९ अभियांत्रिकी म्हणून फार सुंदर आहे. या विमानाला पुढे चाक असल्याने मॉडेल शेपटीवर बसायचा धोका असतो. इतर किटांत आपण नाकात गळाचं शिसं कोंबतो. इथे कॉकपिटचा भागच धातूचा ओतून दिला आहे, वजनाची सोय परस्पर झाली. दाद द्यावी अशी कल्पना. नवशिक्यांना आम्ही एअरफिक्सचं १/७२ मधलं 'डिफायंट' सुचवतो. एकच इंजिन, भाग कमी, आणि पाठीवरचा फिरता बुरूज बांधताना समजतं की या विमानात वैमानिक एक आणि तोफची दुसरा. मारणारा आणि चालवणारा वेगळे.

आमचं सर्वांत आवडतं मात्र टामियाचं 'बोफायटर'. दिसायला बोजड, शिंगं नाहीत. पण त्यात पाठीमागे, वैमानिकापासून लांब, रडार चालवणाऱ्याची जागा आहे. हा माणूस बाहेर बघतच नसे. डब्यात डोकं घालून हिरवट ठिपके बघायचा आणि "डावीकडे, थोडं वर" असं सांगायचा. नोव्हेंबर १९४० मध्ये जॉन कनिंगहॅम यांनी बोफायटरमधून रडारच्या मदतीने विमान पाडलं, तेव्हा रडार गुप्त ठेवायचं म्हणून त्यांची नजर मांजरासारखी आहे असं पसरवलं गेलं, आणि गाजर खाल्ल्याने रात्री दिसतं ही समजूतही त्याच प्रचाराने पक्की केली. मागच्या माणसाला गाजराने झाकून टाकलं म्हणा ना! आपल्या देशाचा संबंधही याच विमानाशी आहे. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडू लागले, लोक शहर सोडून निघाले. जानेवारी १९४३ मध्ये बोफायटर आली आणि १५ तारखेच्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग यांनी काही मिनिटांत तीन बॉम्बर पाडले. आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, किट घेताना आधी विमान निवडू नका. आधी एखादी रात्र निवडा. मग विमान आपोआप ठरतं.

आता प्रमाणाचा प्रश्न, आणि इथे आम्ही आमचंच जुनं मत मागे घेतो. अनुभवी मंडळी १/४८ किंवा १/३२ ला मान देतात, कारण बारकावे जास्त. आम्हीही देत होतो. नातवाच्या प्रश्नानंतर आम्ही १/७२ कडे वळलो. जर्मनांकडेही तिरक्या तोफा होत्या, आणि त्या चालवल्या जात त्या बहुतांशी ब्रिटिश लँकेस्टरसारख्या बॉम्बरांच्या पोटाखालून. पोटाखाली बघणारा तोफची बहुतेकांत नव्हताच. हवेत अचानक होणारे स्फोट पाहून शेजारच्या विमानांतल्या अनेकांना वाटे, जर्मन आपल्याला घाबरवायला खोटे गोळे उडवतात. तसे गोळे नव्हतेच. ती सात-सात माणसांची खरी विमानं होती. ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं त्या युद्धात गेली.

लँकेस्टरचे पंख ३१ मीटर. १/४८ मध्ये ते ६५ सेंटीमीटर होतात; मध्यमवर्गीय घरात ते ठेवायचं कुठे? १/७२ मध्ये ४३. हे मावतं. म्हणून एअरफिक्सचं लँकेस्टर आणि एडुआर्डचं मेसरश्मिट ११० जी-४, दोन्ही १/७२, अशी जोडी आम्ही बांधली. शिंगं थोडी जाड आहेत, असू देत. हल्ला होई तो साधारण ५० ते ८० मीटर खालून. १/७२ ने भागा: साधारण सत्तर सेंटीमीटर ते एक मीटर दहा सेंटीमीटर. म्हणजे आमच्या कपाटाच्या दोन फळ्या! लँकेस्टर सर्वांत वर, मेसरश्मिट दोन फळ्या खाली. एकटं मॉडेल, कितीही हुबेहूब असलं तरी, रात्रीच्या विमानाबद्दल हे सांगू शकत नाही. कारण अशा विमानाचं सत्य त्याच्या अंगावर नसतं. ते त्याच्यात आणि त्याला न पाहणाऱ्यात असतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तुम्ही म्हणाल, सर, बॉम्बरमधल्यांची एवढी कणव करता, पण ते कुठे चालले होते? जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गवर त्यांनी आग पाडली, तीस-चाळीस हजार माणसं गेली. खालून येणारा वैमानिक आपल्याच घरादाराचा बचाव करत होता. खरं आहे. आणि तो ज्या राज्यासाठी लढत होता ते कसलं राज्य होतं, हेही खरं. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या किटांत बहुधा स्वस्तिक नसतं. कायदा आहे, आणि तो योग्य आहे. पण चिन्ह गाळलं म्हणून विमान निष्पाप होत नाही. आम्ही यातलं काही एकमेकांतून वजा करत नाही.

फक्त एक हिशेब सांगून थांबतो. बॉम्बर साधारण सहा हजार मीटरवरून जात. १/७२ ने ते ८३ मीटर होतात. म्हणजे वरच्या फळीवरचं लँकेस्टर जागेवर ठेवलं, तर शहर आमच्या चौथ्या मजल्याच्या, तळमजल्याच्या, पायाच्याही खाली खोल कुठेतरी येतं. ते या कपाटात बसत नाही. कुठल्याही किटमध्ये मिळत नाही. प्रतिकृतीला ही मर्यादा आहे, आणि ती ठाऊक असणं हेही एक शिकणंच आहे.

जोडी पूर्ण झाली त्या दिवशी नातू स्टुलावर चढला. लँकेस्टरच्या कॉकपिटला गाल लावून त्याने खाली बघायचा प्रयत्न केला. म्हणाला, "नाही दिसत." मग उतरला, खालच्या फळीपाशी बसला, वर बघितलं आणि म्हणाला, "इथून दिसतं."

एवढंच.