पट्टी, फी आणि अश्वमेध

महाविद्यालयाच्या प्रवेशाची पावती सगळे जपून ठेवतात आणि कुणीच वाचत नाही. मी वाचतो. येडगावातून नारायणगाव, जुन्नर, ओतूरच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींच्या पावत्या मागून घ्यायची मला काही वर्षांपासून सवय लागली आहे. एखाद्या कवितेकडे पाहावे तसे त्यांच्याकडे पाहिले, की शब्द कुठे बोलतात आणि कुठे लपवतात ते दिसू लागते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, ओळखपत्र हे रकाने सरळ आहेत. खेळासाठी घेतलेले पैसे मात्र एका नावाने क्वचितच सापडतात. ते जिमखाना, शारीरिक शिक्षण, प्रोरेटा, अश्वमेध अशा निरनिराळ्या नावांनी विखुरलेले असतात. रकमा लहान असतात, म्हणून कुणी विचारत नाही.

या शब्दांकडे जरा थांबून पाहू. जिमखाना हा आपल्याकडे मुरलेला अँग्लो-इंडियन शब्द. ‘गेंदखाना’ आणि इंग्रजी ‘जिम्नॅस्टिक्स’ यांच्या संकरातून तो झाला, असे कोशकार मानतात. १८७५ सालचा बॉम्बे जिमखाना आणि १९०६ सालचा डेक्कन जिमखाना यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. निदान त्या शब्दात एक जागा आहे. मैदान, खोली, जाळे, चेंडू डोळ्यांपुढे येतात. प्रोरेटा हा लॅटिन शब्द नुसता ‘प्रमाणात’ एवढेच सांगतो. कशाच्या प्रमाणात, कशासाठी, हे तो सांगत नाही. महाविद्यालयाने प्रत्येक विद्यार्थ्यामागे गोळा करून विद्यापीठाकडे भरायचा हा वाटा. आणि अश्वमेध हे राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचे नाव. कलेच्या महोत्सवाला ‘इंद्रधनुष्य’ म्हणतात, ते गोड आहे. पण अश्वमेधाचा घोडा ज्यांच्या हद्दीतून जाई आणि जे त्याला अडवत नसत, ते करभार द्यायला बांधील होत. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे नसेलही, परंतु पावतीवर शब्द अगदी योग्य जागी बसला आहे.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या गावांना खेळासाठी सक्तीची वर्गणी नवी नाही. यात्रा आली की घरटी पट्टी निघते. कुस्त्यांचे इनाम, बैलगाड्यांचा घाट, तमाशाची सुपारी हे सगळे त्या पट्टीतून. न देणाऱ्याचे नाव चावडीवर येते, ही सक्तीच. पण पट्टी किती, हे गाव बसून ठरवते. इनाम कुणाला किती, हे भोंग्यावरून सांगितले जाते. आणि यात्रा उरकल्यावर हिशेब देवळात वाचला जातो. शिल्लक कमी निघाली तर भांडणही देवळातच होते. मी या व्यवस्थेचा भाट नाही. ज्या बाईच्या घरी कर्ता पुरुष नाही तिनेही त्याच दराने पट्टी भरली, आणि तिच्या लेकीला त्या आखाड्याच्या कडेलाही पिढ्यान्‌पिढ्या कुणी उभे केले नाही. तरीही पट्टीने स्वतःला कधी फी म्हणवून घेतले नाही, एवढा प्रामाणिकपणा तिच्यात आहे.

कारण फी आणि कर यांत फरक आहे, आणि तो नुसता शब्दांचा नाही. राज्यघटनेच्या २६५व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही. फी म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात उलगडले. हा मठ कर्नाटकातला, आपल्या शिरूरचा नव्हे. फी ही विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात असते आणि त्याच कामासाठी वेगळी ठेवली जाते, असे ते सूत्र. पुढच्या निकालांत न्यायालयाने ते बरेच सैल केले, तरी कसोटी म्हणून ते अजून कामाचे आहे. टोमॅटोच्या क्रेटचे पैसे हाती आल्यावर बापाने ज्या मुलीची प्रवेश-फी भरली, जी दुपारची एस.टी. चुकू नये म्हणून शेवटच्या तासाला उठते, जिने मैदानावर कधी पाऊल ठेवले नाही, तिने भरलेला क्रीडा-वाटा ही फी की कर? माझ्या मते ती पट्टी आहे. आणि पट्टी असायलाही माझी हरकत नाही. सगळ्यांनी थोडे थोडे द्यावे आणि त्यातून एखादी धावपटू उभी राहावी, हा विचार चांगला आहे. मग तो उघडपणे मांडावा.

करोनाच्या काळात हा प्रश्न क्षणभर उघडा पडला. महाविद्यालये बंद असताना जिमखान्याचे पैसे कसले, असे विद्यार्थ्यांनी विचारले, आणि २०२१ साली न वापरलेल्या सुविधांच्या शुल्कात सवलती दिल्या गेल्या. म्हणजे मोबदल्याचे तत्त्व व्यवस्थेलाही मान्य आहे. फक्त महाविद्यालये उघडली, की ते विसरले जाते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मी याच दृष्टीने वाचला. १९९४च्या कायद्याची जागा त्याने घेतली. त्यात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे, शुल्क निश्चितीची समिती आहे, विद्यार्थी परिषद आहे. रचना नीटस आहे. पण खेळासाठी विद्यार्थ्याकडून किती घ्यावे, हा विषय विधिमंडळाने समितीच्या आणि परिपत्रकाच्या भाषेकडे सोपवला आहे. ती भाषा कर्मणी प्रयोगाची: ‘शुल्क आकारण्यात यावे’. कर्ता गायब.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेत आहे. लुइझियाना राज्याच्या घटनेत १९९५ सालच्या दुरुस्तीने असे ठरले, की सरकारी संस्थांना नवी फी लावायची किंवा वाढवायची तर विधिमंडळाच्या दोन-तृतीयांश मतांची संमती हवी. व्हर्जिनियाने २०१५ साली विद्यापीठीय खेळांच्या खर्चात विद्यार्थ्यांच्या फीचा वाटा किती असावा, यावर कायद्याने मर्यादा घातल्या. तिथल्या फुटबॉलचा पसारा आणि पैसा आपल्या कल्पनेपलीकडचा, म्हणून तुलना ताणू नये. पण कुणीतरी सभागृहात उभे राहून ‘या मुलांनी हे पैसे का द्यावेत’ याचे उत्तर देते, एवढा भाग आपल्याला घेण्यासारखा आहे.

आपले विधिमंडळ खेळांवर कायदे करत नाही, असेही नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या तेव्हा आमच्या तालुक्यांतून आंदोलने झाली. २०१७ साली विधिमंडळाने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली. बैलांच्या शर्यतीसाठी सभागृह एकमुखी होऊ शकते. मुलामुलींच्या धावण्याचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न तिथवर पोचलाच नाही.

याचे उत्तर एकेकाळी एका माणसाने स्वतःच्या घरावर लिहून दिले होते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या वर्षी खाशाबांनी आणलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि तिथेच माझी तक्रार आहे. गहाणखत हे संस्थेच्या गैरहजेरीचे प्रमाणपत्र आहे. आज पुणे विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला खाशाबांचे नाव आहे, ते योग्यच. पण खर्डेकरांनी दिलेल्या पैशाला कर्ता होता, रक्कम होती आणि कारण होते. प्रोरेटाला यातले फक्त रक्कम आहे.

साहित्याच्या वाचकांना यात काय रस, असे कुणी विचारील. मराठी कादंबरीने महाविद्यालय पाहिले ते वसतिगृहातून आणि मेसमधून. १९६३च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर मेसचा सेक्रेटरी होतो आणि हिशेबात गोवला जातो. पैशाचा आणि तारुण्याचा इतका खरा व्यवहार आपल्याकडे थोड्यांनीच लिहिला. आखाडा आपल्या ग्रामीण कथेत आला, तो लाल मातीचा, इनामाचा, गावच्या इभ्रतीचा. महाविद्यालयाचा जिमखाना मात्र माझ्या वाचनात जवळजवळ कुठे येत नाही. ज्याची कथा नाही त्याचा हिशेबही कुणी मागत नाही, असे मला वाटू लागले आहे. खरे तर हिशेब मागायची जागा कायद्याने दिली आहे, ती म्हणजे विद्यार्थी परिषद. तिच्या खुल्या निवडणुका बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०१९मध्ये होणार होत्या. विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन त्या पुढे ढकलल्या गेल्या.