टोनी विल्यम्सची सिंबल: धातू किती, हात किती?

जॅझच्या जगात एक सिंबल चक्क अल्बमच्या नावाने ओळखली जाते. माइल्स डेव्हिसच्या 'नेफरतीती'वर (रेकॉर्डिंग १९६७) टोनी विल्यम्सने वाजवलेली ती जुनी, इस्तंबूलची के झिल्जियन राइड. तिच्यासारखा आवाज देणाऱ्या सिंबल आजही बनतात आणि भरपूर पैसे मोजून घेतल्या जातात. म्हणून आजचा प्रश्न: आपल्याला जे ऐकू येतं त्यात धातूचं किती आणि हाताचं किती? माझं संशोधन पातळ पत्र्यांच्या कंपनांवर आहे, तेव्हा थोडं भौतिकशास्त्र येईल. घाबरू नका, समीकरण एकही नाही.

आधी धातू बघू. चांगली सिंबल म्हणजे कांसं: साधारण ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. आपला टाळ लहान आणि जाड असतो, म्हणून तो एका ठळक सुरात घुमतो. सिंबल रुंद आणि पातळ. तिच्यात शेकडो कंपनं इतकी जवळजवळ असतात की एक सूर असा हाती लागतच नाही. जुन्या के हाताने ठोकून घडवलेल्या, त्यामुळे एकीसारखी दुसरी नाही. पातळ सिंबलचा आवाज गडद आणि पसरणारा, जाडीचा स्वच्छ पण कडक. टोनीच्या राइडचं कौतुक होतं ते यासाठी की तिच्यात दोन्ही आहे: काठीचा कोरडा 'टिक', आणि त्याच्याखाली गडद धूर.

आता काठी पडल्यावर काय होतं ते बघा. पहिल्या क्षणी ऐकू येतो तो टिक. मग ऊर्जा एका कंपनातून दुसऱ्यात झिरपत वरच्या वारंवारितांकडे सरकते आणि सळसळ फुलते. या झिरपण्याला वेळ लागतो. शिवाय ते किती होणार हे फटक्याच्या जोरावर ठरतं. हळू मारलं तर जवळजवळ होतच नाही, जोरात मारलं तर धो धो होतं. म्हणजे सिंबलचा आवाज नुसता लहानमोठा होत नाही, त्याचा रंगच बदलतो. रेडिओचं बटण फिरवण्यासारखं ते नाही.

हे डोक्यात ठेवून 'फोर अँड मोर' ऐका. फेब्रुवारी १९६४, न्यू यॉर्कचा फिलहार्मोनिक हॉल, टोनी १८ वर्षांचा. लय अशी की श्वास लागावा. समजा मिनिटाला ३०० ठोके आहेत. मग दोन ठोक्यांमध्ये २०० मिलिसेकंद, आणि मधल्या उडत्या ठोक्याला त्याहून निम्मे. आधीची सळसळ विरायच्या आत पुढची काठी पडते. जोर थोडा जास्त झाला तर सगळा धूर एकत्र होऊन रॉन कार्टरचा बास बुडेल. तसं होत नाही. काठी हलकी राहते, टिक वर तरंगतो, धूर खाली राहतो. आणि धूर वाढतो तेव्हा तो वाढवलेला असतो, सुटलेला नसतो. माझ्या मते टोनीची खरी करामत हीच आहे. ती दुकानात मिळत नाही.

'नेफरतीती' ही मूळ रचना वेन शॉर्टरची. तिच्यात सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, एकही सोलो घेत नाहीत. म्हणून 'इथे ड्रमच सोलो घेतो' असं म्हटलं जातं. मला हे अर्धंच पटतं. सोलो म्हटलं की आपण ठोके मोजायला लागतो, आणि इथे मोजण्यापेक्षा ऐकण्यासारखा आहे तो रंग. धून बदलत नाही, पण तिच्यामागचा प्रकाश बदलत राहतो. हर्बी हँकॉकचा पियानो आणि कार्टरचा बास त्यात सामील आहेतच. एकट्या ड्रमला श्रेय दिलं की त्यांच्यावर अन्याय होतो.

नंतरचा टोनी वेगळा. १९६९ला 'लाइफटाइम' बँड आला, जॉन मॅक्लॉफ्लिनची इलेक्ट्रिक गिटार आली. पुढे साठच्या दशकातला छोटा संच जाऊन २४ इंची बेस ड्रमचा मोठा पिवळा ग्रेच आला. फटका जड झाला. 'बिघडला' म्हणणारे भेटतील. मला ते मान्य नाही: अँप्लिफायरसमोर हलका टिक टिकलाच नसता. पण एक गोष्ट हरवली हे कबूल करावं लागतं. इतक्या जोरात सिंबल जवळजवळ सतत भरलेली असते, आणि भरलेल्या सिंबलला आणखी रंग बदलायला जागा उरत नाही.

तेव्हा तुम्ही ड्रम शिकत असाल आणि तशा राइडसाठी पैसे साठवत असाल, तर जरूर घ्या. चांगलं कांसं हातालाही शिकवतं. पण आधी आहे त्याच सिंबलवर एक प्रयोग करा. एकच ठेका पाच वेगवेगळ्या जोरांनी वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. पाच वेगळ्या सिंबल ऐकू आल्या, तर टोनी काय करत होता याचा अंदाज येईल. एकच ऐकू आली, तर पैसे जरा थांबू द्या.