पटकीच्या जंतूंची वंशावळ आणि तिचे प्रामाण्य

अंकुर मुत्रेजा व त्यांचे सहकारी यांचा पटकीच्या सातव्या जागतिक साथीविषयीचा निबंध २०११ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांत व काळांत मिळालेल्या १५४ जंतुनमुन्यांच्या जनुकसंचांची तुलना हा त्याचा पाया होय. या संचाच्या स्थिर भागात वर्षाकाठी सुमारे तीन बदल होतात, असे गणित मांडून लेखकांनी वंशवृक्ष रचला. बंगालच्या उपसागराच्या परिसरातून तीन लाटा जगभर पसरल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पूर्वीच्या वर्गीकरणात एकरूप भासणारे जंतू या पद्धतीने वेगळे ओळखता आले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि नाते आणि प्रवासाची दिशा या दोन भिन्न गोष्टी होत. दोन नमुन्यांत विलक्षण साम्य आढळले, तर एक दुसऱ्यापासून आला असेल किंवा दोघेही न तपासलेल्या तिसऱ्यापासून आले असतील. ज्या प्रदेशाचे नमुने संग्रहात नाहीत, तो प्रदेश वृक्षावर दिसतच नाही. परंतु न दिसणे म्हणजे नसणे नव्हे.

हैतीचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. २०१० साली तेथे उद्‌भवलेल्या साथीचे जंतू नेपाळमधील जंतूंशी जवळजवळ एकरूप ठरले. पण केवळ या साम्यावर तो निर्णय उभा नव्हता. नेपाळी शांतिसैनिकांच्या छावणीची जागा, तिच्याजवळचा नदीप्रवाह आणि पहिल्या रुग्णांची गावे व दिवस यांचा मेळ बसला, म्हणून त्यास बळ आले. साथीच्या आरंभातील आपला वाटा संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ मध्ये मान्य केला.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत जुलै २०२२ मध्ये पटकीने बळी घेतले. विहिरीच्या दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. उद्या पुसद वा वणी तालुक्यात असा रुग्ण आढळल्यास तो जंतू मेळघाटातील की अन्यत्रचा, हे ठरविण्यास जतन केलेले संवर्धन हवे. आणि त्यासोबत गाव, दिनांक व पाण्याचे स्थान यांची नोंदही हवी. नोंदीवाचून जनुकसंच मुका राहतो, नमुन्यावाचून नोंद अपुरी पडते.

वंशावळीवरून जंतूचे कूळ कळते. तो पाण्यात कसा शिरला, याचा शोध मात्र विहिरीच्या काठावरच घ्यावा लागतो.